दादरच्या फलाटावरचा वर्धेकर



महानगराची सार्वजनिक वाहतूक कशी आहे, हे तेथे रोज ये-जा करणाऱ्या चाकरमान्याला विचारून पुरते कळत नाही. कोणता डबा कोठे येतो आणि कोणत्या पुलावरून उतरावे, हे त्याला सवयीने ठाऊक असते. खरी कसोटी लागते ती त्या शहरात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्याच्या वेळी. वर्धा जिल्ह्यातून मुंबईला जाणारे सारेच काही हौसेने जात नाहीत. कोणी मंत्रालयात अर्ज घेऊन जातो, कोणी नोकरीच्या मुलाखतीला, तर कोणी परळच्या टाटा रुग्णालयात दुखणे घेऊन.

समजा, समुद्रपूर तालुक्यातील एक शेतमजूर स्त्री कर्करोग झालेल्या नवऱ्याला घेऊन निघाली. वर्ध्यापर्यंत एस. टी.त तिला अर्धे तिकीट पडते. ही सवलत २०२३ सालापासून सुरू झाली. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला व त्याच्या सोबत्याला रेल्वेही भाड्यात सवलत देते. सेवाग्राम एक्सप्रेस रात्रभर धावून सुमारे साडेसातशे किलोमीटर अंतर कापते. एवढी वाट सुखरूप पार पडते, आणि दादरला उतरल्यावर उरलेल्या दोनेक किलोमीटरांत तिची वणवण सुरू होते.

दादरला मध्य व पश्चिम असे दोन रेल्वेमार्ग एकत्र येतात. डिसेंबर २०२३ पर्यंत या स्थानकात एक क्रमांकाचे फलाटही दोन होते. सलग क्रमांक देण्यासाठी ना पूल बांधावा लागला ना रूळ टाकावे लागले. तरीही ही साधी गोष्ट व्हायला इतका काळ लागला. परळ मध्य मार्गावर आहे, लोअर परळ पश्चिम मार्गावर. दादरहून जलद लोकल पकडली तर परळ मागे पडते आणि माणूस भायखळ्याला पोचतो. गर्दीच्या रेट्यात चुकून पहिल्या वर्गाच्या डब्यात शिरला, तर किमान २५० रुपयांचा दंड भरावा लागतो. त्याच गाडीत अपंगांसाठी राखीव डबा असतो आणि त्यात कर्करुग्णालाही बसता येते. पण हे त्या बाईला वर्ध्यात कोणी सांगितलेले नसते. हक्क आहे, परंतु त्याची खबर नाही, अशी ही अवस्था आहे.

लोकल नको म्हणून ती बेस्टच्या बसकडे वळते. बसच्या कपाळावर मराठी आकड्यांत क्रमांक असतो, तो तिला वाचता येतो. त्याहून मोठा आधार कंडक्टरचा. ‘टाटा हॉस्पिटल आले की सांगा’, एवढे त्याला सांगितले की परक्या माणसाचे काम भागते. गरिबाचा वाटाड्या तोच. परंतु अलीकडच्या काळात बेस्टच्या स्वतःच्या गाड्या घटत गेल्या, कंत्राटदारांच्या गाड्या आल्या आणि काही मार्गांवर कंडक्टरविना बस धावू लागली. मे २०२५ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. मोबाईलवर बसचा ठावठिकाणा कळतो हे खरे. पण ज्याच्या हाती तसला मोबाईल नाही, त्याने कोणाला विचारावे? खर्च वाचवण्याच्या हिशेबात कंडक्टरचा पगार दिसतो, वाट चुकलेल्या रुग्णाचा दिवस दिसत नाही.

उपाय अवघड नाहीत. वर्ध्याच्या रेल्वे स्थानकात, एस. टी. स्थानकात आणि सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात, दादरला उतरल्यावर कोणत्या बाजूने बाहेर पडावे, कोणती बस घ्यावी, राखीव डबा कोणासाठी असतो, हे ठळक मराठीत सांगणारा फलक लावावा. दादरच्या फलाटावर सकाळच्या वेळी माहिती देणारा माणूस असावा. बसमध्ये कंडक्टर असावा.

याच जिल्ह्यात पुढे येऊन राहिलेल्या गांधीजींनी १९१७ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गातील प्रवाशांच्या हालांवर लेख लिहिला होता. १९७४ साली डब्यावरून तिसरा वर्ग ही पाटी निघाली. तो प्रवासी मात्र अजूनही दादरच्या फलाटावर, हातात कागदांची पिशवी घेऊन, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाट विचारीत उभा आहे.