अण्णांची उधारीची वही

आज देहूतून बोलतोय, म्हणजे घरूनच.

मी 17 वर्षांचा होतो तेव्हा अण्णा गेले. इंद्रायणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं छोटं किराणा दुकान होतं. मागे काय राहिलं? आई, नववीतली बहीण, होलसेलवाल्याचं देणं आणि लाल कापडी बांधणीची उधारीची वही. मी बारावी सोडली, तळवड्यात एका वर्कशॉपला हेल्पर लागलो. संध्याकाळी वही काखेत मारून वसुलीला जायचो.

लाज वाटायची राव. एकाकडे 1,840 रुपये यायचे होते. भाड्याची एक खोली, कंपनीतलं काम सुटलेलं. त्यानं मला कोरा चहा दिला. माझ्या तोंडून पैशाचा शब्दच निघाला नाही.

घरी येऊन आईला म्हटलं, "ही वही नदीत टाकतो. तुकोबांनी टाकली तशी."

देहूतल्या पोरांना ही गोष्ट पाठ असते. तुकोबांचं घर दुकानदारीचं, सावकारीचं. आईवडील लवकर गेले, थोरले सावजी घर सोडून निघून गेले, कोवळ्या वयात सगळा भार अंगावर आला. मग 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ. पहिली बायको रखुमाबाई गेली, मुलगा गेला, धंदा बसला. पुढे त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते.

आई म्हणाली, "अर्धीच सोडली. अर्धी कान्होबाला दिली, धाकट्या भावाचा वाटा म्हणून. तुझ्या बहिणीची फी आहे या वहीत. ती कशी टाकशील?"

मी गप्प. इतकी वर्षं ऐकलेल्या गोष्टीतलं हे अर्धं माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

त्या रात्री आम्ही दोघं वही घेऊन बसलो. ज्यांना जमेल त्यांच्याकडून थोडं थोडं घ्यायचं ठरलं. नऊ नावांवर काट मारली आणि तेवढी रक्कम माझ्या पगारातून घरात भरायची ठरली. पहिली काट चहावाल्या घरावर.

होलसेलवाल्याचं फिटायला तीन वर्षं लागली. बारावी मी नंतर 17 नंबरचा फॉर्म भरून दिली. बहीण आता नर्सिंग शिकतेय.

लोक विचारतात, मोठा कधी झालास? अठरा पूर्ण झाले तेव्हा नाही. उदार व्हायचं तर आपल्या वाट्यातून, हे आईनं दाखवलं त्या रात्री.

तुमच्या घरात अशी वही आहे का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. रामकृष्ण हरी!