रानातला मुक्काम



गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे कॅलिफोर्नियात असताना आम्ही सिएरा नेवाडा पर्वतातील इन्यो राष्ट्रीय वनात तीन रात्री तंबूत राहिलो. त्या तयारीविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली.

अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान निराळे आणि राष्ट्रीय वन निराळे. वनांचा कारभार शेती खात्याखालील, १९०५ साली स्थापन झालेल्या वनसेवेकडे असतो. तेथे लाकूडतोडही होते, गुरेही चरतात आणि लोक मुक्कामालाही येतात. पुष्कळ तळांवरची जागा सहा महिने आधी राखता येते, म्हणून आखणी हिवाळ्यातच सुरू झाली.

माझी यादी मात्र दुसरीच! स्टोव्ह, पोळपाट, गोडा मसाला, हिंगाची डबी! ती पाहून मुलगी म्हणाली, "आई, तू रानातही चुलीपाशीच बसणार का?" मला राग आला, पण रात्री विचार केला, तिचे काय चुकले? आजवरच्या प्रत्येक सहलीत मी डोंगर पाहिला तो पातेल्याच्या वाफेतून.

मग आम्ही कामांची यादी केली. मुलीने वनखात्याकडे चौकशी करायची, कारण वणव्याच्या दिवसांत शेकोटीला बंदी असते. शेकोटी चालत असली, तरी निजण्यापूर्वी पाणी ओतून, राख ढवळून, हाताला गार लागेपर्यंत विझवायची. जावयांनी झऱ्याचे पाणी उकळायचे. साडेसहा हजार फुटांच्या वर ते तीन मिनिटे खळखळावे लागते. नातवाने खाद्यपदार्थच नव्हे, तर साबण आणि दंतमंजनसुद्धा तळावरच्या लोखंडी पेटीत बंद करायचे. अस्वल माणसाच्या अन्नाला चटावले की धीट होते आणि शेवटी बहुधा त्यालाच मारावे लागते. आपल्या आळसापायी मुक्या जिवाचा बळी जावा, हे बरे नव्हे.

माझ्याकडे दशम्या, चटणी आणि एक काम: कोठे जातो, कधी परततो, हे शेजारणीला लिहून देणे. रानात फोन लागेलच असे नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे थंडीत शाल पांघरून मी खडकावर बसले होते. जावयांनी चहा आणून दिला. साखर जास्त झाली होती. मी बोलले नाही. समोरची शिखरे उजळताना मी प्रथमच सावकाश पाहिली.

भगिनींनो, आपल्या मंडळाची सहल निघेल किंवा घरची निघेल, तेव्हा सामानाच्या आधी कामांची यादी करा आणि तीत प्रत्येकाचे नाव घाला.