कंदील धरायला कोणीतरी लागतं
(गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात सांस्कृतिक कार्यक्रमाच्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. अमरावतीला डिप्लोमा केला आणि रुळांच्या कामाला लागलो. पण बाप्पांचं विसर्जन झालं की दिवाळीची चाहूल लागते, म्हणून आज घरच्या आकाशकंदिलाविषयी चार शब्द बोलतो.

कागदी कंदिलाचं वेड आपल्यालाच आहे असं नाही. चिनी लोक वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेला कंदिलांचा सणच करतात. तिकडचा आत ज्योत पेटवून आकाशात सोडायचा कंदीलही आता आपल्याकडे मिळतो. तो मात्र कृपा करून कॉलनीत सोडू नका. आपल्या रुळांवरच्या तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो. जळता कंदील कुठे उतरेल ते सोडणाऱ्याच्या हातात नसतं. आपला कंदील दारात टांगलेला असतो, तोच बरा.

आमच्या क्वार्टरमध्ये दरवर्षी बाबा कंदील करायचे. माझं काम एकच, धरायचं. ‘धर, हलू नकोस,’ एवढंच ते म्हणायचे. मला वाटायचं, पोराला गुंतवून ठेवताहेत. पुढे बाबा गेले, माझ्या बदल्या होत राहिल्या आणि दारात प्लॅस्टिकचा कंदील आला. तीन वर्षांपूर्वी मुलगी म्हणाली, ‘बाबा, आजोबांसारखा करू या ना!’ मी म्हटलं, तू अभ्यास कर, मी करतो. इंजिनिअर माणूस, त्यात काय मोठं!

गोलबाजारातून बांबू आणला. एक-एक फुटाच्या २४ कामट्या तासल्या. चार कामट्यांचा एक, असे सहा चौकोन बांधले. चार चौकोन कोपऱ्यावर उभे करून शेजाऱ्याशी कोपऱ्याला कोपरा बांधला. उरलेला एक वर, एक खाली. एकूण १२ सांधे, आणि मधल्या जागेत आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. रात्री ड्यूटीवरून येऊन एकट्यानेच पतंगाचा कागद चिकटवला. सकाळी पाहतो तर कंदील पिळलेल्या कपड्यासारखा वाकडा!

कारण साधं होतं. पुलाच्या गर्डरमध्ये त्रिकोण का असतात ते आपण शिकलो आहोत. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन मात्र कलतो. दोऱ्याने बांधलेला सांधा बिजागरीसारखा फिरतो. कंदिलाला खरा ताठपणा येतो तो कागद ताणून बसल्यावर आणि खळ वाळल्यावर. तोवर सांगाडा कोणीतरी सरळ धरावा लागतो. बाबा मला गुंतवत नव्हते. माझ्याशिवाय त्यांचा कंदील होतच नव्हता, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

दुसऱ्या रात्री कागद फाडून काढला आणि मुलीला हाक मारली. तिने धरलं, मी चिकटवलं. दोन तास आम्ही बोलत बसलो. शाळा, मैत्रिणी, पुढे काय शिकायचं. एरवी माझ्या ड्यूटीत आणि तिच्या ट्यूशनमध्ये एवढा वेळ सापडत नाही. आता ती बारावीत आहे. पुढच्या दिवाळीला घरी असेल की नाही, सांगता येत नाही.

करणाऱ्यांसाठी थोडं माप सांगतो. एक फुटाच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण १७ इंच आले पाहिजेत. लाइनवर आपण गेज पट्टी लावतो, तसे प्रत्येक चौकोनाचे कर्ण मोजा. कागद चारही बाजूंनी एक-एक इंच जास्त ठेवा. वरचा आणि खालचा चौकोन उघडा सोडा, उष्णता बाहेर जाते. खळ मैद्याची. झुरळं लागू नयेत म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालतात, पण ते विषारी असतं, लहान मुलांच्या हाती देऊ नका. आत मेणबत्ती नको, लहान एलईडी दिवा लावा आणि वायरला उघडा जोड ठेवू नका. झिरमिळ्या मुलांना कापू द्या, वेड्यावाकड्या झाल्या तरी चालतील.

दिवाळीच्या सुमारास इथल्या बाया बांबूच्या टुकनीत धान भरून, त्यावर मातीचा सुवा ठेवून दारोदार गात येतात. त्यांची टुकनी बांबूची, आपला कंदीलही बांबूचाच. सुवा घेऊन त्या आपल्या दारी येतील, तेव्हा वर घरचा कंदील असावा असं मला वाटतं.

म्हणून माझी विनंती एवढीच. या दिवाळीत एक कंदील घरी करा, आणि तो एकट्याने करू नका.

गणपती बाप्पा मोरया!