परसातील कोंबडी आणि लसीची कुपी

(बंगळुरू येथे ग्रामीण पशुसंवर्धन कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



कोंबड्या-बदकांचे आरोग्य हा पशुवैद्यकाचा विषय. त्यात अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने का शिरावे, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. २०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५.१८ कोटी कुक्कुटपक्षी नोंदले गेले. त्यांपैकी ३१.७ कोटी परसातील होते. २०१२च्या तुलनेत परसातील पक्षी सुमारे ४५.८ टक्क्यांनी वाढले, तर व्यावसायिक फार्मवरील वाढ अवघी साडेचार टक्के होती. भूमिहीन कुटुंबातील स्त्रीला कोणालाही न विचारता विकता येईल, अशी मालमत्ता बहुधा हीच असते.

या मालमत्तेचे उत्पन्न वाढवायचे तर जात सुधारावी, हा आपला जुना उपाय. बंगळुरूचा त्यात मोठा वाटा आहे. ‘गिरिराज’ ही जात येथल्याच हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विकसित झाली. गावठी कोंबडी वर्षाला ५०-६० अंडी देते. सुधारित पक्षी त्याच्या दुपटीहून अधिक देतात. परंतु गावठी कोंबडी खुडूक बसते, पिल्ले काढते आणि घार दिसताच त्यांना पंखाखाली घेते. सुधारित कोंबडी सहसा खुडूक होत नाही. म्हणजे पूर्वी भांडवलाची झीज कोंबडीच भरून काढत असे. आता प्रत्येक वेळी पिल्ले विकत आणावी लागतात. ती मेली तर तोटा रोखीचा असतो. म्हणूनच वाटलेल्या पिल्लांची संख्या मोजून योजनेचे यश ठरवणे मला पटत नाही.

पिल्ले मुंगसानेही मरतात, पण अख्खे खुराडे एका आठवड्यात रिकामे करते ती मानमोडी, म्हणजेच राणीखेत. पक्षी मलूल होतो, हिरवट हगवण लागते, मान वाकडी होते. त्यावर उपचार नाही. लस मात्र आहे व ती स्वस्त आहे. पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात घालावा आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीची सुई द्यावी, असा प्रघात आहे. हेब्बाळ आणि पुणे येथील सरकारी संस्था या लसी तयार करतात. मग अडते कोठे? कुपी शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची असते. घरात पक्षी आठ-दहा. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की साधारण दोन तासांत संपवावी लागते. एकटीसाठी कुपी उघडणे परवडत नाही आणि शेजारणीने लस दिली नाही तर रोगाचा वावर कायम राहतो. अर्थशास्त्र ज्याला बाह्य परिणाम म्हणते, तो येथे कुंपणावरून ये-जा करतो.

यावरचा मार्ग कोंबडीच्या सवयीतच आहे. दिवसभर उकिरडा उकरत हिंडणारा पक्षी दिवेलागणीला आपल्याच खुराड्यात परततो. काळोखात तो शांत असतो, हाती सहज येतो. दहा-बारा घरांनी एक संध्याकाळ ठरवली आणि गावातील प्रशिक्षित स्त्रीला दर पक्ष्यामागे मोबदला दिला, तर कुपी वाया जात नाही. बचत गटांना हे सहज जमण्यासारखे आहे.

बदकांचे गणित निराळे. मानमोडीचा त्रास त्यांना क्वचितच होतो. अंडी ती बहुधा पहाटे घालतात. म्हणून सकाळी आठ-नऊपर्यंत कोंडूनच ठेवावीत, नाहीतर अंडी तळ्यात जातात. बुरशी धरलेली शेंगदाणा पेंड मात्र त्यांना विषच, कारण तिच्यातील अफ्लाटॉक्सिन बदकाचे यकृत फार लवकर निकामी करते. शिवाय बर्ड फ्लूचा विषाणू लक्षणे न दाखवता बदक वाहू शकते. त्यामुळे कोंबड्या व बदके एकाच आवारात, एकाच पाण्यावर ठेवणे धोक्याचे.

२००६ साली नवापूरने हा रोग देशात प्रथम अनुभवला. २०१२च्या ऑक्टोबरात तो या शहराजवळच्या हेसरघट्टा येथील केंद्रीय कुक्कुट विकास संस्थेतील टर्की पक्ष्यांत आढळला व तेथील पक्षी नष्ट करावे लागले. जेथून पिल्ले पुरवली जातात, त्या सरकारी केंद्राची ही गत; परसाचे काय? नुकसानभरपाई सरकारने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. लवकर कळवणाऱ्याचा यात फायदा आहे. परंतु मेलेली कोंबडी गुपचूप ओढ्यात टाकणाऱ्या बाईला हा नियम कोणी सांगितलेला नसतो, आणि भरपाई हातात पडायला महिने लागणार असतील तर तो सांगूनही उपयोग नाही.