मुक्त, पण फुकट नव्हे

इंग्रजीतील 'फ्री' ह्या एका शब्दाने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. मराठीत 'मुक्त' आणि 'फुकट' हे शब्द निराळे असल्याने मुक्त सॉफ्टवेअरचे अर्थकारण मराठी श्रोत्याला समजणे वास्तविक सोपे जावे. ज्याची मूळ आज्ञावली कोणासही वाचता, बदलता आणि इतरांस देता येते ते मुक्त. ते विकू नये असे कोणी म्हटलेले नाही. ह्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८४ च्या जानेवारीत नोकरी सोडली, आणि पुढील वर्षी आपल्या 'ईमॅक्स'च्या फिती ते १५० डॉलरांस एक ह्याप्रमाणे विकू लागले.

परंतु फीत घेणाराही तिच्या हव्या तितक्या प्रती वाटू शकतो, आणि इंटरनेट आल्यावर तर फितीचीही गरज उरली नाही. मग कर्त्याने पोट कसे भरावे?

ह्या दृष्टीने जर्मनीतील व्हेर्नर कोख ह्यांची हकीगत उद्‌बोधक आहे. पत्रव्यवहार गुप्त राखणारी 'ग्नूपीजी' ही आज्ञावली त्यांनी १९९७ साली लिहावयास घेतली. ती विंडोजवर चालावी म्हणून जर्मन सरकारने काही काळ अनुदान दिले. ते संपल्यावर २००१ पासून त्यांची प्राप्ती वर्षाला सरासरी सुमारे २५,००० डॉलर, म्हणजे त्या विद्येच्या मानाने अगदीच बेताची होती. जगभरचे पत्रकार त्यांच्या कुलपावर विसंबून होते, आणि कुलूप घडविणारा मात्र धंदा सोडावा की काय ह्या विवंचनेत होता! हा काही एकट्याचा भोग नव्हे. निम्मे इंटरनेट ज्यावर विसंबलेले, त्या 'ओपनएसएसएल'मधील गंभीर दोष २०१४ साली उघडकीस आला, तेव्हा त्या मंडळींना देणग्या वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलर मिळत असल्याचे समजले.

कोख ह्यांची ओढगस्त २०१५ च्या फेब्रुवारीत छापून आली मात्र, देणग्यांचा पाऊस पडला. फेसबुक आणि स्ट्राइप ह्या कंपन्यांनी प्रत्येकी ५०,००० डॉलर वार्षिक देऊ केले. तथापि आरतीच्या तबकात पडेल त्यावर प्रपंच चालविणे कठीणच. लोकांची करुणा वर्तमानपत्राइतकीच लवकर शिळी होते. खरा आधार मिळाला तो गिऱ्हाइकांकडून. जर्मन शासनाच्या मर्यादित गोपनीयतेच्या कामकाजासाठी मान्य झालेली आवृत्ती आणि तिच्या देखभालीचे करार कोख ह्यांची कंपनी विकू लागली. आज्ञावली पूर्वीप्रमाणेच सर्वांस खुली राहिली. मोल पडले ते जबाबदारीचे. २०२२ च्या आरंभी त्यांनी देणगीदारांचे आभार मानले, आणि आता आपणांस पैसे न पाठविता ज्यांना गरज आहे अशा दुसऱ्या प्रकल्पांना द्यावेत, असे कळविले.