एकच पोरगा, दोन उलटे नियम

मागे पीठगिरणीचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या. मी अड्याळहून बोलतोय. तालुका पवनी, जिल्हा भंडारा. इथे माझं लहानसं किराणा दुकान आहे, थोडी धानाची शेती आहे. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. अकरा वर्षांच्या मुलाचा बाप म्हणून बोलतो. त्याला विचारूनच बोलतोय. त्याची एकच अट आहे, नाव घ्यायचं नाही.

लहानपणापासून त्याला सगळंच जरा जास्त जाणवायचं. शर्टाच्या कॉलरमागचं लेबल टोचायचं. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात. भेंडी तोंडात गेली की उलटी. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई भरते, रात्री दंडार असते, आता डीजेही असतो. गावची पोरं तिकडे पळतात आणि हा मागच्या खोलीत डोक्यावर उशी घेऊन. लोक म्हणायचे, लाडावलाय. खरं सांगतो, मीही म्हणायचो.

चौथीत असताना हात धुणं सुरू झालं. माझी आई आधी खूश. "पोट्टा लय सोवळा हाय गा," म्हणायची. आपल्याकडे ही एक गंमतच आहे, सोवळ्याला मान असतो, त्यामुळे आजार कौतुकात लपून जातो. मग त्यात आकडा आला. सात वेळा. मध्ये कुणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून. थंडीत बोटं फुटून रक्त यायला लागलं. आम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडून मलम आणलं. मलम चिकट, म्हणून ते लावलं की तो परत हात धुवायचा.

रात्री वेगळंच. "बाबा, गॅस बंद आहे ना?" हो. "नक्की?" हो रे. "तुम्ही पाहिला?" मी उठून पाहून यायचो, शपथ घ्यायचो. बायको साबण संपायच्या आधीच नवीन आणून ठेवायची. त्याचा टॉवेल वेगळा, ताट वेगळं. त्याला त्रास नको म्हणून आम्ही सगळं घर त्याच्या नियमांवर चालवत होतो.

एका रात्री माझा संयम सुटला. नळावरून ओढलं आणि हातावर मारलं, त्याच फुटलेल्या हातावर. तो रडला नाही. म्हणाला, "बाबा, आता पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल." हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही.

मग रोवणीचे दिवस आले. तो बांधीत उतरेना. मला वाटलं, चिखल चिकट लागतो, नेहमीचंच. तरी त्या दिवशी धुऱ्यावर बसून पहिल्यांदा नीट विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चिकटाचं नाही बाबा. हा चिखल मी घरी नेला तर आजी मरेल."

नऊ वर्षांचं लेकरू आजीचा जीव स्वतःच्या हातावर घेऊन फिरत होतं आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो.

नागपूरला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. भंडाऱ्याला बस बदलायची, पुढे साठेक किलोमीटर. ओसीडी निघाला. तुमच्यातले बरेच जण टेबल नीट लावलं की "मला ओसीडी आहे यार" म्हणतात ना? तसं नसतं ते. नको असलेला विचार घुसतो, भीती चढते, ती कृती केली की थोडा वेळ उतरते. मेंदू शिकतो की या कृतीमुळेच आपण वाचलो. म्हणून पुढच्या वेळी आणखी जोरात मागतो. आणि मी रोज रात्री गॅस पाहून येत होतो, ते त्याच मागणीला खतपाणी होतं. घरच्यांच्या या वागण्याला फॅमिली अकोमोडेशन म्हणतात. अमेरिकेत येल विद्यापीठात एली लेबोविट्झ यांनी तर फक्त आईबापांना शिकवायची पद्धत तयार केली आहे, मूल समोर नसलं तरी चालतं.

पण आमचा गोंधळ पुढेच होता. कारण संवेदनांचा त्रासही खरा आहे, आणि त्याचा नियम बरोबर उलटा. लेबल टोचतं? कापून टाका. डीजे सहन होत नाही? कान झाकायचं साधन द्या, नाहीतर घरी राहू द्या. तिथे "सवय होईल" म्हणून जबरदस्ती केली की मूल आणखी बिथरतं. ओसीडीला मात्र मदत करायची नाही. एकाच पोराला सकाळी "हो बाळा" आणि रात्री "नाही बाळा". आम्हाला एक साधी खूण सांगितली: लेबल कापलं की विषय संपतो का? संपतो. गॅस पाहून आलो की संपतो का? दहा मिनिटांत परत. प्रत्येक वेळी ही खूण चालत नाही. मला आजही चुकतं. चिखलाचं चुकलंच होतं.

उपचाराचं नाव एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. त्याची सुरुवात 1966 मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांच्या दोन रुग्णांपासून झाली असं मानतात. भीती वाटते ती गोष्ट करायची आणि नंतरची कृती करायची नाही, पण मुलाच्या संमतीने, पायरी पायरीने. नळ बंद करून कोंडणं म्हणजे उपचार नाही, कृपा करून घरी तसले प्रयोग करू नका. औषधही चालू आहे. नाव सांगत नाही, कुणीतरी तेच मेडिकलमधून मागून आणेल.

नागपूरच्या बसमध्ये त्याने त्या विचाराला नाव ठेवलं, कंडक्टर. तिकीट काढलं तरी पुन्हा पुन्हा तिकीट मागणारा. आता गॅसचं विचारलं की मी एवढंच म्हणतो, "तू विचारतोस की कंडक्टर?" पहिल्या आठवड्यात रात्री एक-एक वाजेपर्यंत रडारड. बायको दोनदा उठून गॅस पाहायला निघाली, मी दोनदा भांडलो. एकदा मीच चोरून पाहून आलो.

गेल्या रोवणीला त्याने एक बोट चिखलात बुडवलं. मी अख्खा हात. धुऱ्यावर दोघं वीस मिनिटं न धुता बसलो. घामाने भिजला होता. घरी गेलो तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तो दारातूनच तिच्याकडे पाहत राहिला. ती म्हणाली, "काहून गा, असा काय पायतेस?"

बरा झाला असं सांगणार नाही. परीक्षा आली की आकडा परत चढतो. सध्या तीनवर आहे. ऐकणाऱ्यांपैकी कुणी स्वतः गुपचूप काही मोजत असेल, तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो.

काल रात्री त्याने गॅसचं एकदाच विचारलं, मी उत्तर दिलं नाही, तो चिडून झोपला. आज सकाळी पहिला प्रश्न, "भाजी कोणती?" भेंडी म्हटल्यावर तोंड वाकडं. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी दुकानातून दोन बटाटे आणून दिले.