यंत्राजवळचे भूत

१९७८ साली मलेशियातील सुंगाई वे येथील एका अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या सुमारे १२० स्त्रियांना ‘भुताने झपाटले’. कारखाना ३ दिवस बंद पडला. मांत्रिक आणवून तेथे बोकड कापण्यात आला. मानवशास्त्रज्ञ आयवा ओंग यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात अशा घटनांचा संबंध कारखान्यातील कडक शिस्तीशी व पाळतीशी जोडला. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर मालकाला बोकड स्वस्त पडतो, कामाचा वेग कमी करणे महाग पडते. भूत नसते, हे आपण ठणकावून सांगितलेच पाहिजे. परंतु तेवढ्याने शिणलेले डोळे निवत नाहीत. म्हणून अंगात आलेल्या भगिनीला अडाणी ठरविण्याआधी कार्यकर्त्याने तिच्या कामाचे तास विचारावेत.